काचेआडचं ऊन

माझ्या मुलीनं घरी आणलेला प्राणी घोरपड नाही, हे मी आतापर्यंत निदान चाळीस माणसांना समजावून सांगितलं असेल. दूधवाल्याला, शाळेतल्या शिपायाला, नणंदेला, आणि समोरच्या काकूंना तर तीन वेळा. घोरपड पाळणं गुन्हा आहे, हा इग्वाना आहे, परदेशी आहे, नुसता पाला खातो, सरकारदरबारी याची रीतसर नोंद आहे, हे सगळं एका दमात म्हणायची मला सवयच झाली. काकूंनी तिसऱ्यांदा शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं बराबर हाय मॅडम, पण दिसून तर घोरपडीसारखंच राह्यलं की!"

दिसत तर होतंच.

मुलगी पुण्याहून आली ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दोन बॅगा, आणि भाजीवाल्यांकडं असतं तसलं एक निळं क्रेट, वरून टॉवेल बांधलेला. दाताच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होती. "किती दिवसांची सुट्टी?" मी विचारलं.

"सुट्टी न्हाई मम्मी. आले," एवढंच म्हणाली आणि टॉवेलची गाठ सोडायला लागली.

टॉवेलखालून एक हिरवं-करडं डोकं वर आलं. त्यानं आमच्या हॉलकडं, सोफ्याकडं आणि शेवटी माझ्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. मी किंचाळले, आणि त्या किंचाळण्यात 'आले म्हणजे काय?' हे विचारायचं राहून गेलं. ते पुढचे तीन महिने राहूनच गेलं.

तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं तो हौसेनं घेतला होता आणि नोकरी लागून दूर जाताना कागदपत्रांसकट हिच्या गळ्यात टाकला होता. शेपटी धरून साडेतीन फूट भरला. मी मोजला. गणिताची शिक्षिका आहे मी, मोजल्याशिवाय माझी भीती जात नाही. पाठीवर मऊ काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती झालर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण फार चुकीच्या ठिकाणी बदली होऊन आलोय. मुलीनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेला वळलं नाही. आमचे हे वीज खात्यात आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. "बिलकुल आमच्या साहेबांवर गेलंय हे. बोलायचं काही न्हाई, नुसती मान हालवायची." तेव्हापासून तो साहेब.

मुलगी वरच्या खोलीत गेली आणि तिथंच राहिली. जेवायला बोलावलं तर दोन घास खायची. फोन वाजायचा, ती त्याच्याकडं बघत राहायची. केस विंचरायची नाही. कुणी विचारलं तर आम्ही दोघं 'अभ्यासाची सुट्टी' म्हणायचो. पौर्णिमेला विहारात एका बाईंनी मोठ्यांदा विचारलं, "काय, डॉक्टरीणबाई आल्यात म्हणं?" तर आमचे हे खाली वाकून चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

पण सकाळी सात वाजता ती उठायची. साहेबांना पाला चिरायचा असे. काकूंच्या दारातल्या शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची फुलं, किसलेला भोपळा, आणि म्हशीवाल्याकडून मूठभर लसूणघास. हे सगळं ती विळीवर इतकं बारीक करायची की मला तिच्या लहानपणीचा तिचाच डबा आठवायचा. ताटली त्याच्यासमोर ठेवून त्याचं खाऊन होईपर्यंत ती बसायची. मग पुन्हा पांघरूण.

आठ-दहा दिवस हे पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की या घरात मुलीला उठवणारं माणूस मी नाही, तिचे पप्पा नाहीत, ते हे जनावर आहे. याला काही झालं तर? पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण करत नव्हते. एवढंच ठरवलं की याला जगवायचं. ज्याला सकाळी उठून बघायला यावं लागतं, असं याचं एक पक्कं घर आपल्या घरात झालं पाहिजे.

घर तसंही लागणारच होतं. साहेब पडद्याच्या दांडीवर चढून बसायचे, तिथून एकदा पंख्याकडं झेप घ्यायच्या बेतात होते. शिवाय थंडी. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे हातपाय आखडतात, आणि या प्राण्याला स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढी असेल तेवढीच याच्या अंगात. मुलीनं मला वहीच्या पानावर चित्र काढून दिलं. सहा फूट उंच, चार फूट रुंद, तीन फूट खोल. चारही बाजूंना जाळी, आत आडव्या फांद्या, वर ऊब द्यायला एक दिवा आणि उजेडाची एक वेगळी नळी. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ही नळी मागवावी लागेल.'

ह्यांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. "सहा बाय चार? मी आलतो नोकरीला तेव्हा माझी खोली याच्यापेक्षा लहान होती. मलाच राहायला देता का?"

आता माझी हुशारी ऐका.

जुन्या जालन्यात कापडाच्या एका दुकानाचं फर्निचर बदलणं चाललं होतं. साड्या लावायचं त्यांचं उभं शोकेस रस्त्यावर काढून ठेवलेलं मी रिक्षातून पाहिलं. सहा फूट उंच, पुढं सरकत्या काचा, बाजूंनाही काच, पाठीला सागवानी फळी. माप मुलीच्या चित्राशी जवळजवळ जुळत होतं. मी तिथंच रिक्षा थांबवली. सव्वीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्यात, मला ते शोकेस म्हणजे उत्तर शेजारी लिहिलेलं गणित वाटलं. घरी आणवलं आणि वेल्डिंगवाल्या चाचांना बोलावून वरचं झाकण काढून तिथं पत्रा आणि दिव्याची कडी बसवायला सांगितलं.

चाचांचं दुकान आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर. आमचं गाव सळईच्या कारखान्यांचं, इथं लोखंडात हात घातल्याशिवाय कुणाचं घर उभं राहत नाही, आणि आमच्या गल्लीतलं प्रत्येक फाटक चाचांच्या हातचं आहे. त्यांनी शोकेसभोवती एक चक्कर मारली. "मॅडम, याच्यात ठेवायचं काय?"

मी साहेबांकडं बोट केलं. साहेब दांडीवर होते. चाचांनी बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "कडी आतून लावू का भाईरून?"

शोकेस वरच्या मजल्यावर, दक्षिणेच्या गॅलरीत ठेवायचं मी ठरवलं. ती गॅलरी खिडक्यांनी बंद केलेली, वारा नाही, आणि ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्या संध्याकाळी जिन्यात मी मुलीला सगळी योजना समजावून सांगितली. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"मम्मी, काच नको. जाळी पाहिजे. आणि ती नळी—"

"अगं, नळी कशाला? ऊन द्यायलाच ना? पुण्यात नसंल ऊन, आपल्याकडं उन्हाला काय तोटा? जालन्यात येऊन ऊन विकत घ्यायचं म्हणजे लोक हसतील आपल्याला."

"काचेतून ते..." ती म्हणाली आणि थांबली.

"काचेतून तर ऊब जास्त राहते. बाहेर जाळीतून वारं लागंल त्याला. हाय का काही शंका?"

हा माझा वर्गातला प्रश्न. प्रत्येक गणितानंतर मी तो विचारते आणि तीन मोजून पुढं जाते. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुला वाटतं तसं कर."

आणि मला आनंद झाला! खरं सांगते, मला वाटलं, पोरीला पटलं. महिन्याभरात माझं एक म्हणणं तिनं ऐकलं म्हणून मी त्या रात्री ह्यांना साबुदाण्याचे वडे करून घातले. ज्या घरात उपवास कुणीच करत नाही, तिथं.

साहेब शोकेसमध्ये राहायला गेले. पेरूच्या दोन फांद्या आत तिरक्या अडकवल्या. ह्यांनी रात्रीच्या उबेसाठी दिवा बसवला, त्याला आपोआप चालू-बंद होणारं बटण लावलं, आणि खात्यातला माणूस करतो तसं तीन वेळा 'शॉक नाही ना' म्हणून बोटाची मागची बाजू लावून बघितली. दिसायला तर असं देखणं झालं की काकू त्यांच्या पाहुण्यांना दाखवायला घेऊन आल्या. पाहुण्या बाई म्हणाल्या, "घोरपडीचे लाड हायेत बाई."

या प्राण्याची एक खोड अशी की तो शिंकतो, आणि शिंकेतून अंगातलं मीठ बाहेर टाकतो. काचेवर पांढरे शिंतोडे उडायचे. ते मला खपायचं नाही. परतूरची शाळा आटोपून संध्याकाळच्या गाडीनं मी घरी यायचे, हातपाय धुवायचे, आणि चहाच्याही आधी वर्तमानपत्राचा बोळा ओला करून शोकेसच्या काचा पुसायचे. आतून, बाहेरून. कोपरे तर जुन्या दातांच्या ब्रशनं. डाग राहिला तर ऊन अडेल, असं माझं म्हणणं. त्या गल्लीत माझ्याइतकी स्वच्छ काच कुणाची नव्हती.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मुलगी सात वाजता उठतच होती. मी मनात एकेक दिवस पुढं ढकलत होते. मग फेब्रुवारीत एका सकाळी वरून तिची हाक आली. नेहमीची नव्हती. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

साहेब खालच्या तळावर होते. फांदीवर चढायला पुढचा पाय उचलायचे, तो थरथरायचा, आणि पुन्हा खाली. बोटं आपोआप उडत होती, जशी आपली पापणी उडते तशी. "आठ दिवसांपासून वरच्या फांदीवर जाऊन न्हाई राह्यला," मुलगी म्हणाली. "मला वाटलं थंडीनं." तिनं त्याचा जबडा दोन बोटांत धरून मला दाखवला. दाताची डॉक्टरी तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली बोटं ती. "हे हाड आहे मम्मी. हे वाकायला नाही पाहिजे." तिनं हलकेच दाबलं. ते वाकलं.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. मोठे सरळ गृहस्थ. टेबलावरच्या साहेबांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग हात मागं घेतला. "मॅडम, मी म्हशी बघतो, शेळ्या बघतो. याला हात लावायचं मला भ्या न्हाई. पण अंदाजानं सुई टोचायचं भ्या हाये. याचे डॉक्टर संभाजीनगरला हायेत, जल्दी न्या."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ह्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर मुलगी क्रेट मांडीवर घेऊन बसली, टॉवेलखाली गरम पाण्याची बाटली. ती तीन महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, आणि हे आमच्या तिघांच्याही ध्यानात होतं.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाडं असायला हवीत तिथं पुसट धुकं होतं, एवढं मलाही दिसलं. मागच्या एका पायाला बारीक तडा गेला होता. आम्हाला कुणालाच न कळता मोडलेला पाय घेऊन साहेब किती दिवस मान हलवत होते, कोण जाणे.

"ऊन मिळतं का याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवसभर," मी म्हणाले. जवळजवळ अभिमानानं.

"उघडं ऊन? की मधे काही आहे?"

"काच आहे. पण अगदी स्वच्छ असते, मी रोज..."

मी थांबले. कारण डॉक्टर थांबले होते.

"मॅडम, काचेतून उजेड येतो, ऊब येते. हाडं धरायला याला जे लागतं, ते अतिनील किरण काचेच्या बाहेरच राहतात. काच कितीही पुसली तरी."

अतिनील किरण. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या तेव्हा दोन सत्रं मी त्यांचे तास घेतलेत. अतिनील किरण म्हणजे काय, हे मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलंय. परीक्षेत दोन गुणांना विचारलंय. एका मुलीचा अर्धा गुण कापल्याचंही मला तिथं, त्या खुर्चीत, आठवलं. जालन्यात ऊन विकत घ्यायचं नाही म्हणणारी मी, साडेतीन फुटी जीव भर उन्हात ठेवून उन्हाशिवाय मारत आणला होता.

डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध दिलं, रोज सिरिंजनं तोंडात सोडायचं. सकाळचं उघडं ऊन, ती नळी, आणि जाळीचं घर. "जगेल का?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खातोय तोवर आशा आहे. जबडा पहिल्यासारखा नाही होणार. दोन महिने बघू."

परतताना बदनापूर मागं पडलं. मग मागून मुलगी म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"हो," मी म्हणाले.

"मी सांगितलं होतं मम्मी! काच नको म्हणले होते मी तुला!" तिचा आवाज एवढा चढला की ह्यांनी गाडी हळू केली.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मीच. "मंग भांडली काहून न्हाईस? एकदा म्हणलीस आन् सोडून दिलंस. भांडायचं होतं माझ्याशी!"

"तुझ्याशी? तुझ्याशी भांडून कधी काय झालंय? बारावीनंतर म्हणले न्हाई का, मला दातांचं न्हाई करायचं? तू काय म्हणलीस? 'हाय का काही शंका?' आन् फॉर्म भरून मोकळी झालीस."

ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून उगाचच मागचं चाक बघायला गेले. हवा ठीक होती. ते चाकापाशी बराच वेळ बसले.

मी मागं वळले नाही. मला तो फॉर्म आठवत होता. तिच्या वतीनं मी भरला होता, माझ्या सुवाच्य अक्षरात. ती टेबलाच्या पलीकडं बसून 'तुला वाटतं तसं' म्हणाली होती का? म्हणाली असेल. मी तेव्हाही काहीतरी खास करून घातलं असेल.

थोड्या वेळानं तिचा आवाज खाली आला. "माझं पण आहे त्यात. कॅल्शियमची पावडर असती त्याची. डिसेंबरात संपली. मला माहीत होतं. मोबाईलवर दोन बोटं फिरवून मागवायची होती, तेवढंपण नाही झालं माझ्याच्यानं. पडून राहायचे आन् मनात म्हणायचे, उद्या." ती रडत होती की नाही मला दिसत नव्हतं. क्रेटमध्ये साहेबांनी पाय हलवल्याचा खसखस आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवसापासून घर बांधायचं काम तिच्याकडं गेलं. कुणी दिलं नाही, तिनंच घेतलं. सकाळी सातलाच खाली आली, केस बांधलेले, हातात वही. चाचांना तिनंच बोलावून आणलं. चाचा शोकेसकडं बघून हळहळले. "बेटा, एवढी मेहनत केल्ती मी. काच काढायची म्हणता? पहिलेच जाळी का न्हाई सांगितली?"

"पहिले मम्मीनं सांगितलं होतं," ती म्हणाली. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं एक शब्द विचारला नाही. त्यांच्याही घरात चाची आहेत.

मला काम मिळालं टेप धरायचं. तेही शून्याकडचं टोक. आकडा मुलगी वाचायची. सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं शून्यावर अंगठा दाबून उभं राहायचं, आणि बोलायचं नाही! बोलायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं, आणि ते मला त्या उन्हातल्या उभ्या राहण्यापेक्षा जड गेलं. फाटक डाव्या बाजूला चुकीचं वाटत होतं. बोलले नाही. मधली फांदी फार खाली घेतली असं वाटलं. जीभ दाताखाली धरली. शेवटी चाचाच म्हणाले, "मॅडम, तब्येत बराबर हाय ना?"

फांदी खाली का, ते तिनं नंतर न विचारताच सांगितलं. पाय तुटलाय, पडला तर उंची कमी असावी. फाटक डावीकडं का, तर तिथून हात घातला की तो बावरत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची साधी जाळी चाचांनी आणली होती, ती तिनं परत पाठवली. तिच्या तारांनी बोटं आणि नाक सोलतात. प्लॅस्टिकचा थर दिलेली, अर्ध्या इंची चौकोनांची जाळी आणवली. रंग लावल्यावर वास जाईपर्यंत आठ दिवस पिंजरा रिकामा गच्चीत उभा ठेवला. चाचा रोज येता-जाता वर बघून ओरडायचे, "बेटा, मकान तयार, किरायदार कुठंय?" मागवलेली नळी कुरियरनं आली, ती ह्यांनी फुलासारखी उचलून बसवली आणि पुन्हा तीन वेळा बोट लावून बघितलं. पिंजऱ्याला चाकं होती. सकाळी गच्चीच्या दारातून बाहेर, उघड्या उन्हात. साडेनऊ झाले की आत. कारण मार्च सरत आला होता, आणि आमचं तेच ऊन आता दुपारी त्याला दोन तासांत भाजून काढलं असतं. अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकलेलं असायचं. उन्हात बसायचं की सावलीत, ते साहेबांनी ठरवायचं.

साहेबांची तब्येत काही सिनेमातल्यासारखी सुधारली नाही. दोन आठवडे सिरिंजनं औषध घेताना ते अर्धं माझ्याच साडीवर सांडायचे. एकदा तीन दिवस खाल्लं नाही. त्या तीन दिवसांत मुलगीही जेवली नाही, आणि मी शाळेत फळ्यापुढं उभी राहून एक साधा भागाकार चुकले, मुलांनी सांगितला. चौथ्या दिवशी त्यानं जास्वंदीचं एक फूल घेतलं. जबडा एका बाजूला वळलेला असल्यामुळं अर्धं फूल खाली पडलं. पण घेतलं. एप्रिलात तो मधल्या फांदीवर चढला. वरच्या फांदीकडं मान करून बघतो, जात नाही अजून. दुसऱ्या एक्स-रेत हाडं थोडी उजळ दिसली. डॉक्टर 'थोडी' या शब्दावर जोर देऊन म्हणाले.

मुलगी बरी झाली असं मी म्हणणार नाही. काही दिवस चांगले जातात, काही दिवस खोलीचं दार लागतं. भांडायला मात्र लागली आहे. मिठावरून भांडते, पंख्यावरून भांडते, बापाशी राजकारणावरून भांडते. ह्यांना ते इतकं आवडतं की ते मुद्दाम चुकीची बाजू घेतात.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. राहिलेल्या वर्षाचा फॉर्म भरायची मुदत संपत होती; भरला नाही तर नाव निघेल. फोन माझ्या नंबरावर आला, कारण सगळीकडं नंबर माझाच दिलेला. "मी सांगते," म्हणून ठेवला. मोबाईलवर तो फॉर्म उघडला. तिचं नाव, जन्मतारीख, सगळं मला तोंडपाठ. खालच्या चौकटीवर बोट टेकवलं की झालं. मी बराच वेळ तसंच बोट वर धरून बसले होते, कबूल करते.

मग गच्चीत गेले. ती साहेबांना औषध देत होती. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. "मुदत संपून राह्यली. भरायचा का?"

तिनं सिरिंज बाजूला ठेवली. वाचलं. "न्हाई," ती म्हणाली.

"बघ, दोनच वर्षं—"

"न्हाई मम्मी. मला ते न्हाई करायचं. कधीच नव्हतं करायचं."

"मंग काय करणार?"

"माहीत न्हाई अजून."

"माहीत न्हाई म्हणून कसं चालंल? लोकांना काय—"

"लोकांना तू काय सांगायचं ते तू बघ. भरायचा न्हाई."

माझ्याकडं युक्तिवाद होते. चांगले होते. क्रमवार होते. घशापर्यंत आले होते. खाली काकू कुणाशी तरी बोलत होत्या, पिंजऱ्यातून साहेब एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होते, आणि माझी लेक माझ्यासमोर ताठ उभी होती, हातात सिरिंजचं झाकण, मी काय म्हणते याची वाट बघत. भांडायला तयार. मी मोबाईलवरचा फॉर्म बंद केला. तिला दिसेल असा बंद केला. मग जिना उतरून स्वयंपाकघरात आले आणि चहा टाकला, आणि पातेल्याशी उभी राहून रडले. त्यात ती एकदाची भांडली याचा दिलासा किती होता आणि सव्वीस वर्षांच्या पगारातून उभं केलेलं एक स्वप्न मोडल्याचं दुःख किती, याचं गुणोत्तर मला काढता आलं नाही.

हे आत आले. माझा चेहरा पाहून घाबरले. "काय झालं? साहेबांना काही..."

"न्हाई म्हणली ती," मी म्हणाले. "फॉर्म भरायचा न्हाई म्हणली."

"मंग?"

"मंग काय? न्हाई म्हणली."

ते ओट्याला टेकून माझ्या शेजारी उभे राहिले. चहा उतू जायला आला होता. दोघांपैकी कुणीच गॅस कमी केला नाही.